वखारीतली कुल्फी

परवा वखार उघडली. ताई गेल्यापासून ती बंदच होती. कुलूप गंजलं होतं आणि मला घाई नव्हती, म्हणून त्यात खोबरेल सोडून मी उंबऱ्यावर बसून राहिलो. मसोलीच्या आमच्या वाडीत दुपारी एक वेळ अशी येते की चिकूचं एक पानसुद्धा हलत नाही आणि समुद्राचा आवाज सुरूच्या बनातून पार कुंपणापर्यंत पोचतो. तो ऐकत बसलो. मग कुलूप उघडलं.

आतून चिकूचा वास यायला हवा होता. वडिलांच्या वेळेपासून आमचे चिकू याच वखारीत धुतले गेले, निवडले गेले, पेट्यांत भरले गेले. पण आला तो दुधाचा वास. आटून आटून कढईच्या बुडाला लागलेल्या, जरासा करपलेल्या दुधाचा. विटांनी तो इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता.

दोन हजार चौदापासून एकोणीसपर्यंत आमच्या वखारीत कुल्फी होत असे. एवढं एक वाक्य लिहून मी थांबलो असतो तर ताईला पुरेसं वाटलं असतं. तिला लांबण आवडत नसे. मी नुसतं "काल काय झालं" असं म्हटलं तरी ती म्हणायची, मुद्द्यावर ये. आता मला मुद्द्यावर आणणारं कोणी नाही, म्हणून सावकाश लिहितो.

ताई माझ्याहून मोठी. वाडी तिनं चालवली. मी डहाणूच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. घरात आम्ही दोघंच. बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं, ऐकण्याचं माझ्याकडे, आणि या वाटणीवर दोघंही खूश होतो.

मोहनलाल आधी आला. भिलवाड्याकडचा, दुसरीनंतर शाळा सोडलेला, मिशा मात्र हेडमास्तरच्या. बोईसरच्या कुठल्याशा सेठच्या हातगाडीवर तो रोजंदारीनं कुल्फी विकायचा आणि घंटा वाजवत वाजवत एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत शिरला. ताईनं कुल्फी घेतली, चाटली आणि त्याला तोंडावर सांगितलं की यात दूध कमी आणि पाणी फार आहे. मोहनलाल मुळीच ओशाळला नाही. तो म्हणाला, "ताई, ही सेठची कुल्फी. माझी खाल तर जीभ परत मागायला याल."

"मग कर की तुझी," ताई म्हणाली. "सेठनं हात बांधलेत का?"

हात बांधले नव्हते, पण चूल मांडायला जागा नव्हती. आमच्या वखारीचा मागचा अर्धा भाग पावसाळ्यातलं सरपण ठेवण्यापलीकडे कशाच्या कामाचा नव्हता. आठवड्याभरात तिथे विटांची चूल आली, एक लोखंडी कढई आली, आणि मोहनलालचा बिछाना आला. पाठोपाठ त्याचं गाणंही आलं. आपला गळा चांगला आहे असा त्याचा ठाम समज होता आणि तो दूर करायला आमच्यापैकी कोणी धजलं नाही.

दिवाकर माझ्याकडून आला. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला. तारापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पाळीवर लागलेला. पाळी सुटली की वाचनालयात यायचा आणि मराठी पुस्तकं मागायचा, कारण ज्या गावात राहायचं तिथली भाषा यायला हवी असं त्याच्या मास्तर वडिलांनी त्याला शिकवलं होतं. पुस्तकांतून शिकलेली त्याची मराठी इतकी शुद्ध होती की ऐकणारा आपोआप सरळ उभा राही. त्यानं कारखाना का सोडला ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. एका रविवारी मी त्याला जेवायला घरी आणलं, त्यानं वखारीत आटणारं दूध पाहिलं आणि उलथनं हातात घेतलं. त्याच्या शर्टाला येणारा कारखान्याचा तिखट वास मग महिन्याभरात निघून गेला.

मोहनलाल त्याला नावानं हाक मारत नसे. "ए बीएस्सी, जाळ बघ." "बीएस्सी, बर्फ आण." दिवाकर त्याला उस्ताद म्हणे, निम्मं मनापासून आणि निम्मं चिडवायला.

बर्फ चिंचणीहून यायचा. तिथे होड्यांसाठी बर्फ करतात. दिवाकर सायकलच्या मागे पोतं बांधून तो आणायचा. पहिल्या दिवशी तो तिथे रांगेत म्हणाला होता, "कृपया मला दोन लाद्या मिळण्याची व्यवस्था होईल का?" आणि मागे टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका मावशीनं मोठ्यांदा विचारलं होतं, "हा कोण गं, कलेक्टर आला का बर्फ न्यायला?" त्यानंतर चिंचणीत त्याचं नाव कलेक्टरच पडलं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या मधून त्याची सायकल दिसली की बायका म्हणायच्या, कलेक्टरला वाट द्या.

मासळीच्या बर्फात कुल्फी, म्हणून ताईला सुरुवातीला धास्ती होती. ती प्रत्येक कुल्फी आधी हुंगायची. पण बर्फ फक्त माठात, मीठ घालून, साच्यांच्या बाहेरून असायचा. पत्र्याचे निमुळते साचे, तोंडाशी कणकेनं बंद केलेले. मोहनलाल माठ मांडीशी धरून हलवायचा आणि आत साचे एकमेकांवर आपटून असा आवाज यायचा की जणू दूर कुठे बैलांच्या घुंगरांची रांग चालली आहे. दुपारी वाचनालयातून जेवायला आलो की मला तो आवाज फाटकातूनच ऐकू यायचा. मला वाटतं, त्या वर्षांतलं माझं सगळ्यांत मोठं सुख ते होतं: उन्हातून येणं आणि तो आवाज.

चिकू घालण्याची कल्पना अर्थातच ताईची. डहाणूत राहून केशर-पिस्त्याची कुल्फी विकायची म्हणजे विहिरीपाशी बसून पाणी विकत आणायचं, असं ती म्हणाली. दिवाकरनं ही जबाबदारी आपल्यावर घेतली. त्याच्या गावी चिकू नव्हता. त्यानं वखारीत पसरलेल्या चिकूंतून घट्ट, गोल, एकसारखे चिकू निवडले आणि मऊ पडलेले सगळे सडके समजून टोपलीत बाजूला काढले. कडक चिकू किसून त्यानं दुधात घातले. रंग छान आला. मोहनलालनं साचे भरले, आणि पहिली कुल्फी मानानं ताईला दिली.

ताईनं दोन घास खाल्ले आणि ती बोलायची थांबली. कच्च्या चिकूचा चीक म्हणजे डिंकच. वरचा ओठ खालच्याला चिकटला आणि जीभ टाळ्याला. तिनं आमच्याकडे डोळे वटारून पाहिलं, हातवारे केले, आणि मग हसू आलं तेही तिला बंद ओठांनीच हसावं लागलं. मोहनलाल घाबरून देवाचं नाव घेऊ लागला. चिकू निवडायला येणारी कमळीबाय, पाड्यावरची, आमच्याकडे ताईइतकीच जुनी, ती मात्र भिंतीला टेकून पोट धरून बसली. तिनंच शेवटी खोबरेल आणून ताईच्या ओठांना लावलं. ताईचं तोंड आयुष्यात एकदाच बंद झालेलं मी पाहिलं, ते असं.

मग कमळीबायनं दिवाकरला टोपलीपाशी बसवलं. "पोरा, यो कडक दिसतो तो अजून झाडाचाच हाय," ती म्हणाली. "मऊ पडला का मग आपला."

त्यानंतर चिकूची कुल्फी जमली, आणि अशी जमली की डहाणू रोडच्या बाजारातले लोक मोहनलालच्या घंटेची वाट पाहू लागले. दिवाकरनं आमच्या हातगाडीला पाटी केली, मोत्यासारख्या अक्षरात. मोहनलालचं म्हणणं होतं की खाणारा वाचत नाही, ऐकतो. शेवटी पाटीही राहिली आणि घंटाही. थंडीत चिकूचा हंगाम भरात असायचा. लांब बांबूला जाळी बांधलेल्या बेडण्या झाडांतून फिरायच्या, वखारीच्या पुढच्या भागात चिकूंचे ढीग आणि मागच्या भागात जाळ. चिकू धुताना उडणारी तपकिरी भुकटी आणि चुलीचा धूर यांनी आमच्या सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे होत. पावसाळ्यात कुल्फी कोणी खात नसे. मग ते दोघं श्रावणातल्या जेवणावळींना बासुंदी करून देत, आणि आमच्या घरात महिनाभर जायफळ दरवळायचं. होळीनंतर पुन्हा साचे घासले जायचे. वर्ष असं गोल फिरायचं आणि मला ते कधी थांबेल असं वाटत नसे.

दिवाकरच्या घरी यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांच्या लेखी तो अजून कारखान्यात होता, इतकंच नव्हे तर आता प्रयोगशाळेत होता. महिन्याच्या महिन्याला फोनवर तो त्यांना तिथल्या गोष्टी सांगे, आणि त्या सांगताना पाठ फिरवून उभा राही. मग एका चैत्राच्या तोंडावर त्यानं ताईला सांगितलं की बापा येत आहेत. त्यांच्या जुन्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती, त्यांनी शब्द टाकला होता, आणि परतीची दोन तिकिटं काढूनच ते निघाले होते. एक स्वतःचं, एक दिवाकरचं.

"तुला जायचंय?" ताईनं विचारलं.

"नाही," दिवाकर म्हणाला. त्याच्या बोलण्यात त्या दिवशी एकही पुस्तकी शब्द नव्हता. "मला इथे राहायचंय. हेच करायचंय."

"मग सांग त्यांना तसं."

"ते सांगता येणार नाही. त्यांनी मला शिकवलं, ताई. घरात मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. म्हणायचे, तू अभ्यास कर. त्यांना कढई कशी दाखवू?"

त्याचा बेत असा होता की वडील असेपर्यंत कारखान्यातच आहोत असं दाखवायचं. चांगली चाललेली नोकरी सोडायला लावायला ते धजणार नाहीत. ताई संतापली. माझ्या वाडीत नाटक चालणार नाही, ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिनंच दिवाकरच्या जुन्या सोबत्याकडून कारखान्याचा शर्ट मागवला, तो धुतला आणि इस्त्री केला.

मास्तर आले. बारीक, ताठ, पांढरं धोतर, पिशवीत दोन पुस्तकं. वखारीत त्यांना कसं उतरवणार, म्हणून ते आमच्या ओटीवर राहिले. रोज सकाळी दिवाकर तो ढगळ शर्ट घालून, ताईनं दिलेला डबा घेऊन फाटकातून निघायचा, रस्त्यानं वळसा घालून मागच्या कुंपणाच्या फटीतून आत यायचा, शर्ट खिळ्याला अडकवायचा आणि बनियनवर कढईसमोर बसायचा. दिवाकरला ओळख दाखवायची नाही एवढंच मोहनलालला सांगितलं होतं. पण त्याच्यातला नट जागा झाला. तो फाटकापाशी उभा राहून दिवाकरला सलाम ठोकायचा आणि विचारायचा, "साहेब, ड्यूटीला?" दिवाकर लाल व्हायचा.

मी वाचनालयातून रजा काढली होती. मास्तर आणि मी दिवसभर ओटीवर वाचत बसायचो. त्यांची हिंदी थोडी, माझी त्याहून थोडी, आणि दोघांनाही त्याची फारशी अडचण वाटत नव्हती. पण दुपारी वाऱ्यावर वखारीकडून दुधाचा वास आला की त्यांचं पान उलटायचं थांबे. ते मान वर करत, वास येई त्या दिशेला पाहत राहत. एकदा त्यांनी विचारलं, तिथे काय होतं? मी म्हटलं, दूध आटवतात. त्यावर त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाले की जाळ मोठा आहे, आणि पुन्हा पुस्तकात गेले.

महालक्ष्मीची जत्रा लागली. वर्षातला सगळ्यांत मोठा धंदा जत्रेतला. मोहनलालनं नेहमीच्या कितीतरी पट दूध आदल्या संध्याकाळीच आणवलं आणि त्याच्या गावच्या रीतीनं ठेवलं: उघड्या आभाळाखाली ओल्या वाळूत कॅन रोवले, वरून भिजलेली पोती. त्याच्या मुलखात वाळू रात्री गार पडते आणि दूध सकाळपर्यंत विहिरीच्या पाण्यासारखं राहतं. पण आमच्या समुद्राकाठी चैत्रातली रात्र गार होत नाही. ती अंगाला चिकटून बसते, आणि दुधालाही. सकाळी कढई तापली आणि एका उकळीत सगळं दूध फाटलं.

मोहनलालनं हंबरडा फोडला. गाण्यासाठी राखलेला सगळा गळा त्यानं त्यात ओतला. तो आवाज ऐकून ओटीवरून मास्तर अनवाणी धावत सुटले, त्यांच्यामागे मी. वखारीच्या दारात त्यांनी विचारलं, "कौन गया?"

"दूध गया, मास्टरजी," मोहनलाल कपाळावर हात मारत म्हणाला. "पूरा का पूरा गया."

मास्तरांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. कढईपलीकडे दिवाकर उभा होता, बनियनवर, कोपरापर्यंत दुधानं माखलेला. त्याच्या मागे खिळ्याला कारखान्याचा शर्ट लोंबत होता. मास्तरांनी शर्ट पाहिला, मुलाला पाहिलं, पुन्हा शर्ट पाहिला. कमळीबाय चिकू निवडायची थांबली.

मास्तर आत आले. धोतराचा सोगा खोचला, कढईत बोट बुडवलं आणि चाखलं.

"फेंकना मत," ते म्हणाले. मग त्यांनी ताईला स्वच्छ सुती कापड मागितलं.

ताईनं स्वतःचं धुतलेलं जुनं लुगडं आणलं. त्या दुधातलं पाणी गाळून मास्तरांनी पांढरा छेना त्यात बांधून टांगला. त्यांच्या मुलखात दूध फाटलं म्हणून कोणी रडत नाही. तिथे मिठाईला सुरुवातच तिथून होते. पाणी निथळल्यावर ते पाटावर छेना मळायला बसले. तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं, पुढे रेटत, गोळा करत, पुन्हा रेटत. साखर, वेलची, मूठभर रवा. ताई न विचारता पिकलेल्या चिकूचा गर घेऊन आली. त्यांनी पाहिलं, चाखलं आणि तोही घातला. केळीच्या पानांत गुंडाळून ते सगळं डेगीत ठेवलं, खाली निखारे, झाकणावर निखारे. हे सगळं करताना ते एकदाही अडखळले नाहीत, आणि दिवाकर त्यांच्या हातांकडे असा पाहत होता की ते हात त्यानं पहिल्यांदाच पाहिले असावेत.

निखारे सारखे करून झाल्यावर मास्तर ताईकडे वळून म्हणाले, "मेरे पिताजी हलवाई थे."

दिवाकरला हे माहीत नव्हतं. आजोबा शेती करायचे, असं त्याला सांगितलेलं होतं. मास्तरकी मिळाल्यावर त्यांनी गाव बदललं, भांडी विकली आणि तो विषय घरात पुन्हा काढला नाही. वखारीत खिळ्यावर शर्ट एकच लोंबत होता, पण त्या दिवशी दोघांनी उतरवला.

संध्याकाळी डेग उघडली. वरून गडद तपकिरी, कापल्यावर आत मऊ, पिवळसर. चिकूची गोडी आणि करपल्याचा जरासा कडवटपणा. आम्ही उभ्याउभ्याच खाल्लं. कोणी काही बोललं नाही, आणि यावेळी तोंडं चिकटली म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी जत्रेत त्याचं नाव कोणाला घेता येईना. छेना पोड म्हणता म्हणता लोक हसत सुटायचे. मग मोहनलालनंच ओरडायला सुरुवात केली: भाजलेला खरवस, या, भाजलेला खरवस. पाळण्यांची करकर, धूळ, सुकटीच्या पाट्यांचा वास, कुठूनतरी तारपा वाजतोय, नव्या बांगड्या ल्यालेल्या पाड्यावरच्या पोरी एकमेकींच्या हातचा तुकडा ओढून खातायत, आणि गर्दीच्या मधोमध पांढऱ्या धोतरातले मास्तर सुरीनं तुकडे कापतायत. दुपारपर्यंत ते गप्प होते. मग एका म्हाताऱ्यानं दुसरा तुकडा मागितला तेव्हा त्यांनीही एकदा बारीक आवाजात म्हणून पाहिलं, "भाजलेला खरवस." मोहनलालनं सुधारून सांगितलं, पोटातून, मास्टरजी, पोटातून. माझी ताई त्या दिवशी इतकी हसली की तिला गाडीच्या चाकाचा आधार घ्यावा लागला.

पण तिकिटांबद्दल मास्तर काही बोलत नव्हते. जत्रेचे उरलेले दिवस ते रोज वखारीत येऊन बसत, जाळ कमी करा म्हणत, मोहनलालला छेना मळायला शिकवत. दिवाकर आता सरळ फाटकातून वखारीत जाई. बापलेक एकमेकांशी बोलत ते मिठाईपुरतं. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, हात धुता धुता, मास्तरांनी त्याला म्हटलं, "सामान बाँध लो."

दिवाकरनं बांधलं. एक बॅग, वर माझ्या वाचनालयाची दोन पुस्तकं परत करायला काढून ठेवलेली. तो नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ताईलाही. त्यानं मान खाली घालून फक्त कपडे घडी केले. मोहनलाल त्या संध्याकाळी गायला नाही, आणि त्याच्या गाण्याची मला तेव्हा पहिल्यांदाच उणीव भासली.

इथवर लिहून मी पुन्हा वखारीत चक्कर मारून आलो. आत काही फारसं उरलेलं नाही. मोहनलालनं पुढे उधव्याला दुकान घातलं, बायकोला आणलं. तो अधूनमधून फोन करतो आणि ताईची आठवण काढून फोनवरच रडतो, पूर्वीच्याच मोठ्या आवाजात. चुलीच्या जागी जमिनीवर काळं वर्तुळ आहे. त्यावर मी झावळ्या ठेवणार होतो, पण त्या बाहेरच ठेवल्या.

तर निघायच्या दिवशी सकाळी ताईनं चिकूचं एक कलम आणलं. मातीचा गोळा गोणपाटात बांधलेला, वर चार पानांचा शेंडा. मास्तरांच्या अंगणात लावायला. ते तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली की सुरतेपर्यंत तू बरोबर जा, यांच्या हातून माती सांडेल. दिवाकरकडे तिनं पाहिलं नाही. निघताना त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा ती म्हणाली, "नीट जा," आणि आत गेली. ताई दोन शब्दांत आटपली म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

गंजामची गाडी सुरतेहून सुटते. डहाणू रोडहून तिथवर आम्ही तिघं खिडकीशी बसून गेलो, कलम माझ्या मांडीवर. सुरतेच्या फलाटावर मात्र पाऊल ठेवायला जागा नव्हती. सुरतेच्या यंत्रमागांवर काम करणारी गंजामची माणसं सुट्टीला गावी निघाली होती. ट्रंका, पंखे, पोरं, आणि सगळीकडे मास्तरांची भाषा. ती कानावर पडताच मास्तरांचा चेहरा सैल झाला. गाडी लागली. ते आत चढले, आपली जागा शोधली, पिशवी ठेवली आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

दिवाकरनं आपली बॅग उचलून त्या हाताकडे धरली. मास्तरांनी ती मागे ढकलली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, कलमाकडे. ते गजांमधून जाईना म्हणून मी धावत जाऊन दारातून आत दिलं. बाहेर येऊन पाहतो तर त्यांनी ते शेजारच्या जागेवर, खिडकीशी, नीट टेकवून बसवलं होतं, आणि पडू नये म्हणून गोणपाटावर एक हात ठेवला होता.

समोर उभ्या असलेल्या एका माणसानं त्या जागेकडे पाहून त्यांना काहीतरी विचारलं. डब्यातली आजूबाजूची माणसंही वळून पाहू लागली. सगळी त्यांच्याच मुलखातली. मास्तरांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात, पोटातून, उत्तर दिलं. भाषा मला कळली नाही. दिवाकरला कळली. तो बॅग छातीशी धरून तसाच उभा राहिला, गाडी हलली, शेवटचा डबा निघून गेला, तरी उभाच.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तो म्हणाला, ही जागा कोणाची?" दिवाकर म्हणाला. "बापा म्हणाले, माझ्या मुलाची. तो डहाणूला हलवाई आहे. लग्नसराई आहे, त्याला यायला फुरसत नाही."

मग तो परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारायला धावत सुटला, आणि मला त्याच्यामागे धावावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ताई फाटकाशी उभी होती. तिनं लांबूनच पाहिलं, एकाच्या जागी दोघं येतायत. आम्ही जवळ यायच्या आत ती वळली, आणि चूल पेटव म्हणून मोहनलालला हाका मारत वखारीकडे चालू लागली, इतक्या भरभर की तिला गाठेपर्यंत आम्हाला धाप लागली.